बावीस नितळ चेहरे

फोटोवाला कारखान्याविरुद्धच्या सुनावणीहून परतला तो भर दुपारी, आणि आल्या आल्या त्याने स्टुडिओचं शटर अर्ध्यावर ओढलं. शनिवार म्हणजे पासपोर्ट फोटोंचा दिवस. बाकावर दोन गिऱ्हाइकं ताटकळत बसली होती, त्यांना त्याने "मंगळवारी या" म्हणून उठवलं. मागच्या खोलीतून थोरल्या बहिणीने विचारलं, "काय रे, कोण गेलं?"

"आपण गेलो, ताई. पार गेलो."

चपला न काढताच तो मागे आला आणि तिच्या टेबलाच्या कडेला टेकला. एरवी त्या टेबलाला कुणी टेकलेलं ताईला चालत नसे. आज तिने ते चालवून घेतलं, कारण त्याचा चेहरा त्यांच्या वडिलांच्या, अप्पांच्या, शेवटच्या आजारातल्या चेहऱ्यासारखा दिसत होता.

"कारखान्याच्या वकिलाने फोटो आणलेत. बावीस. कुठून कुठून जमवलेत देव जाणे. लग्नाचे, साखरपुड्याचे, शाळा सुटल्याचे. गावाच्या दोन्ही बाजूंचे, भट्टीवाल्यांचे अकरा, होडीवाल्यांचे अकरा. सगळ्यांच्या पाठीवर आपला शिक्का, अप्पांच्या हातची तारीख. एकेक करून समितीपुढे मांडले. म्हणाला, बघा साहेब, कुणाच्या मानेवर डाग दिसतो का? हाताला काही दिसतं का? सहा वर्षांपूर्वीपर्यंत एकाच्याही अंगावर काही नाही. आणि कारखाना अडतीस वर्षांचा. मग डाग कारखान्याने दिले कसे?"

"तू काय म्हणालास?"

"मला विचारलं, फोटो तुमच्याच स्टुडिओतले ना? मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार?"

ताईने चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा स्वच्छच होता. बावीस फोटो कोणते असतील ते तिला न बघता सांगता आलं असतं, कारण त्यातला एकेक चेहरा तिने भिंगाखाली तीन-तीन, चार-चार तास पाहिला होता. निगेटिव्हवर अंगावरचा काळा डाग पारदर्शक ठिपका होऊन उमटतो. त्या ठिपक्यात सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने हलके हलके भरत जायचं, म्हणजे छापल्यावर कातडी नितळ येते. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून ताईने हेच काम केलं. तिच्यासारखा हात आसपासच्या चार गावांत नव्हता. नवरीची मान असो की नवऱ्याच्या हाताची पाठ, ताईच्या टेबलावरून गेली की दुधासारखी होऊन बाहेर पडे. सहा वर्षांपूर्वी भावाने फिल्मचा कॅमेरा कपाटात ठेवला आणि ताईची पेन्सिलही थांबली. म्हणजे कागदोपत्री बघायला गेलं तर ताईने पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच वर्षी गावाला रोग झाला. वकिलाचं काही चुकलं नव्हतं. त्याला फक्त ताई ठाऊक नव्हती.

तासाभरात सगळी घरची माणसं स्टुडिओत जमली. पुतणी दवाखान्यातून नर्सच्या कपड्यांतच आली. नदीकाठच्या हातपंपांच्या पाण्याचे नमुने तिनेच गोळा करून पाठवले होते, आणि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून कारखाना ज्या औषधात ते बुडवतो त्याचंच विष पाण्यात सापडल्याचा कागदही तिनेच आणला होता. पण कागद आजच्या पाण्याचा होता. माणसं किती वर्षं ते पाणी पीत होती, हे सांगणारा कागद कुणाकडे नव्हता.

भावजय वरून चहा घेऊन उतरली. ती भट्टीवाल्यांची लेक. बाप आणि चुलता दोघेही तळहाताला गाठी येऊन, झिजून गेलेले. सर्वांत शेवटी धाकटी आली. ताईची धाकटी बहीण होडीवाल्यांत दिलेली, आणि तिचा नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. त्याच्या मातीला आलेल्या भावजयीच्या भावाने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, हा रोग होडीवाल्यांनीच आणला, नदीत काय काय ओततात ते. त्या दिवसापासून नणंद-भावजय एकमेकींशी बोलत नव्हत्या. अगदी बोलणं भागच पडलं तर मध्ये कुणीतरी लागे.

"चहा घ्या म्हणावं," भावजय मुलीला म्हणाली.

"नको म्हणावं," धाकटी म्हणाली.

"अगं आत्या, समोरासमोर बसलाय तुम्ही," पुतणी वैतागली. "मी काय टपाल आहे का?"

फोटोवाल्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाविसांतला एक फोटो धाकटीच्या साखरपुड्याचा होता हेही सांगितलं. तिने मान खाली घातली.

"म्हणजे ह्यांचा फोटो दाखवून ह्यांनाच खोटं पाडलं," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला."

"फोटोत डाग नाहीत, कारण आत्याने ते काढले," पुतणी म्हणाली. "एवढं साधं आहे. सोमवारी जाऊन सांगायचं."

"वेडी आहेस का?" फोटोवाला उसळला. "कोण विश्वास ठेवणार? वकील म्हणेल, आज सोयीचं म्हणून सांगताय. आणि ठेवला विश्वास तर त्याहून वाईट. या फोटोंवर लग्नं जमलीत. उद्या प्रत्येक सासू फोटो घेऊन दारात उभी राहील, की आम्हाला फसवलंत. हात दाखवून अवलक्षण! झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"ती मूठ उघडतच नव्हती शेवटी," भावजय म्हणाली. "माझ्या बापाची. गाठींमुळे."

बायको सहसा फोटोवाल्याचं बोलणं तोडत नसे. आज तिने नवऱ्याची बाजू सोडली होती, आणि सोडून कुणाच्या बाजूला जायचं ते तिलाही कळत नव्हतं.

ताई इतका वेळ मांडीवर हात ठेवून बसली होती. तिने डोळे मिटले. सांगायचं नसतं तर ती आत्ताही गप्प राहू शकली असती. चाळीस वर्षांच्या सवयीने गप्प बसणं तिला श्वासाइतकं सोपं झालं होतं.

"पेन्सिल धुता येते," ती म्हणाली.

"काय?"

"चाकूने खरवडलेलं परत येत नाही. पण डाग पेन्सिलीने भरायचे असतात. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसलं की पेन्सिल निघते. खाली डाग तसाच असतो. माळ्यावर सगळी निगेटिव्ह आहेत, पाकिटावर तारखेसकट. समितीसमोर धू म्हणाले तर समितीसमोर धुवून दाखवीन."

पुतणी उठून उभीच राहिली. "आत्या! हे तू आत्ता सांगतेस?"

"थांब. अजून आहे." ताईचा आवाज बारीक झाला. "सगळ्यांत आधी कोण आलं माहितीये? भट्टीवाल्यांची एक मुलगी. मानेवर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग. तिची आई माझ्या कानात म्हणाली, एवढे काढा, आणि होडीवाल्यांना कळू देऊ नका, हसतील. मग पंधरा दिवसांनी होडीवाल्यांचा एक मुलगा. तसेच डाग, त्याच जागी. त्याचा बाप म्हणाला, भट्टीवाल्यांना कळू देऊ नका. मग येतच राहिले. इकडचे इकडून, तिकडचे तिकडून. सगळ्यांना वाटायचं, आपल्यालाच झालंय."

"अप्पांचा दंडक होता, गिऱ्हाइकाचं अंग आपल्याकडे ठेव म्हणून असतं. बाहेर बोलायचं नाही. मला त्यात पुण्य वाटायचं. पोरींची लग्नं होत होती."

धाकटीने हळूहळू मान वर केली. "तुला माहीत होतं."

"हो."

"दोन्हीकडे एकच आहे, हे गावात तुला एकटीला माहीत होतं."

"हो."

"किती वर्षं?"

"तीस. थोडी जास्तच."

"माझ्या लग्नाच्या आधीपासून." धाकटी ओरडली नाही. ओरडली असती तर ताईला बरं वाटलं असतं. "ह्यांच्या फोटोतले डाग तूच काढलेस. मला पहिल्या रात्री दिसले ते तू आधी पाहिले होतेस. आणि मला एवढंही नाही म्हणालीस, की बाई, भट्टीवाल्यांनाही हेच आहे, तेव्हा पाण्यात काहीतरी असेल, ते पाणी पिऊ नका. एक वाक्य होतं ताई. एका वाक्याने माझा नवरा राहिला असता."

"मला पाण्याचं माहीत नव्हतं गं."

"पाण्याचं नव्हतं. पण दोघांचंही एकच आहे, हे होतं. बाकीचं आमचं आम्ही शोधलं असतं. भांडत बसलो नसतो."

ताईला भयंकर लाज वाटत होती, आणि लाजेखाली, तिचं तिलाच नवल वाटेल असं, एक हलकेपणही होतं.

धाकटी उठली. दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली, पाठ करूनच. "पहिलं आमचं धू," ती म्हणाली. "माझी परवानगी. ह्यांची मीच देते."

माळ्यावरून पाकीट काढून आणेपर्यंत ती तशीच उभी होती. ताईने टेबलाची तिरपी काच पुसली, निगेटिव्ह ठेवलं, बोळा भिजवला. वास सगळ्या खोलीत पसरला. बोळ्यावर करडा रंग उतरत गेला, आणि काचेखालच्या उजेडात नवरदेवाच्या मानेवर एकेक ठिपका उघडा पडू लागला. कॉलरच्या वर सात. हाताच्या पाठीवर तीन. आपण हे काम किती सुबक केलं होतं, हे ताईच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही, आणि त्या विचाराची तिला किळस आली.

फोटोवाल्याने डार्करूम उघडली. औषधं जुनी होती, पण लागू पडली. अर्ध्या तासाने ओला फोटो चिमट्याला टांगला, तेव्हा धाकटी जवळ आली. खूप वेळ बघत राहिली.

"हे असेच होते," ती म्हणाली. "त्या फोटोत कुणीतरी दुसराच होता. मी तो कधी भिंतीवर लावला नाही."

तिच्यामागे भावजय उभी होती. तीही बघत होती. तिने विचारलं, आणि या वेळी मध्ये कुणाला घातलं नाही, "वन्सं, डाग आधी मानेवर, मग तळहाताला गाठी? माझ्या बाबांचंही तसंच."

"आधी मान," धाकटी म्हणाली. "मग हात. मग खोकला."

"हो. मग खोकला."

एवढंच बोलल्या. पण रात्रीचं जेवण धाकटीने त्याच घरात केलं, आणि जेवताना ठरलं की विचारल्याशिवाय कुणाचंही निगेटिव्ह धुवायचं नाही. धाकटीने होडीवाल्यांकडे जायचं, भावजयीने माहेरी. ज्यांची ज्यांची तयारी असेल त्यांनी रविवारी दुपारी यावं. जुनं निगेटिव्ह त्यांच्यासमोर धुतलं जाईल, आणि नवा फोटो निघेल, काही न पुसता. ताई त्या जेवणाला वर गेली नाही. तिला कुणी बोलावलंही नाही.

रविवारी तीन वाजेपर्यंत एकही माणूस आलं नाही. फोटोवाल्याने पडद्याच्या घड्या नीट केल्या, परत केल्या. "मी म्हटलंच होतं," असं तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, आणि शटरबाहेर पाहून ते तसंच राहिलं.

लोक आले होते. केव्हापासून आले होते कुणास ठाऊक. रस्त्याच्या या अंगाला भट्टीवाले, त्या अंगाला होडीवाले, मध्ये मोकळा रस्ता. पंचवीस-तीस इकडे, तितकेच तिकडे. आपल्या बाजूने आधी कुणी आत जाऊ नये, म्हणून दोन्हीकडचे थांबले होते. खाली मान घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, रुमाल गुंडाळून, त्या उन्हाळ्यात.

शेवटी होडीवाल्यांतली एक म्हातारी रस्ता ओलांडून गेली. भट्टीवाल्यांच्या म्हाताऱ्या मुकादमासमोर तिने आपला तळहात धरला. "मुकादम, दाखवा बघू तुमचा. आमची सून सांगत होती, तुमचाही असाच आहे म्हणून."

मुकादमाने हात खिशातून काढायला वेळ लावला. मग काढला. दोघं आपापले हात शेजारी धरून बघत राहिले.

"चाळीस वर्षं तुमचं-आमचं काही जुळलं नाही," म्हातारी म्हणाली. "जुळलं ते नेमकं हे."

मुकादम हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. म्हातारीने त्याची पाठ चोळली. मग दोघं मिळून आत आली, आणि त्यांच्यामागे रस्ता हळूहळू भरत गेला.

ताईने त्या दुपारी एकेचाळीस निगेटिव्ह धुतली. प्रत्येक वेळी आधी विचारलं, प्रत्येक वेळी मान हलल्यावरच बोळा टेकवला. काहींनी तिला शिव्या दिल्या. एक बाई आपल्या मेलेल्या मुलीच्या गळ्यावरचे डाग परत आलेले पाहून रडली आणि म्हणाली, "आता माझी दिसली." एका बापाने निगेटिव्ह मागून घेतलं आणि छातीशी धरलं. "माझ्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. ते होऊ द्या. मग धुवा," तो म्हणाला. ताईने पाकीट परत माळ्यावर ठेवलं. त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही, कारण आदल्या दिवसापर्यंत सगळेच तसे होते.

पुतणी एकेका जुन्या फोटोला त्याच माणसाचा नवा फोटो जोडत होती. मधेच ती ताईजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, उद्या काय होईल सांगता येत नाही हं. वकील म्हणेल डाग आत्ताच रंगवले. कारखाना वर जाईल, वर्षं जातील. आणि ज्यांना झालंय त्यांना काही याने बरं वाटणार नाही."

"माहितीये," ताई म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा म्हातारी म्हणाली, सगळ्यांचा मिळून एक काढा, समितीला एकदम दिसू दे. पण आत एवढी माणसं मावेनात. मग बाक रस्त्यावर काढला. फोटोवाला स्टुलावर चढला. रुमाल सुटले, बटणं निघाली. भट्टीवाले कुठे संपतात आणि होडीवाले कुठे सुरू होतात, हे आता स्टुलावरून दिसत नव्हतं. सगळ्यांनी तळहात कॅमेऱ्याकडे केले.

पुढच्या बाकावर धाकटी आणि भावजय शेजारी बसल्या होत्या. ताई दारात उभी राहून बघत होती. मग ती पायरी उतरली, बाकासमोर आली आणि आपले दोन्ही हात उलटे करून दाखवले. उजव्या तळहातावर गाठी होत्या, जिथे पेन्सिल टेकते तिथे तर त्वचा फाटलेली होती.

भावजयीच्या तोंडून "अगंबाई" निघालं. "ताई, हे कधीपासून?"

"चार वर्षं झाली. आपल्या घरी दुसऱ्या नदीचं पाणी येतं का?"

धाकटीने त्या हातांकडे पाहिलं, मग लगेच समोर. थोड्या वेळाने ती भावजयीच्या बाजूला सरकली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

"फोटोसाठी सरकलेय," ती समोर बघतच म्हणाली. "माफ नाही केलेलं तुला."

"कळलं," ताई म्हणाली आणि बसली.

तिने हात वर धरला. अप्पांच्या स्टुडिओत सत्तेचाळीस वर्षं काढून ती आजवर कॅमेऱ्यासमोर बसली नव्हती, आणि कुठे बघायचं हेच तिला समजेना. स्टुलावरून भाऊ ओरडला, "श्वास धरा. कुणी हलू नका." सगळे थांबले. ताईचा हात मात्र थांबेना, तो लटलटत राहिला. तेव्हा धाकटीने समोरची नजर न काढता आपला कोपर ताईच्या कोपराखाली घातला आणि तो हात तोलून धरला, फोटो हलू नये म्हणून.